सशाच्या उडीची फाउंडेशन बॅच

लातूर,
दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार

चि. आनंदराज,

तुला आणि सौ. सिंधूला ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी साखर आटोक्यात असेल, सिंधूची टाच दुखायची थांबली असेल आणि नांदेडला तुमचं सगळं हसतंखेळतं चाललं असेल, अशी आशा करते. (चाललं असेलच. दुसऱ्याच्या अंगणात फटाक्यांची लड पेटवून जो माणूस आपल्या घरी निघून जातो, त्याचं हसतंखेळतंच चालतं.) आम्हीही इकडे खुशाल आहोत, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर माझं उजवं कोपर सोललेलं आहे, डाव्या पोटरीवर पेडलच्या दातांची एक ओळ उमटली आहे, आणि हे पत्र मी कोपराखाली उशी घेऊन लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. शाळेत सिस्टर फिलोमिनांनी आम्हाला पत्रलेखन शिकवताना सांगितलं होतं, की रागाच्या भरात पत्र लिहू नये, मध्ये एक दिवस जाऊ द्यावा. मी एक दिवस जाऊ दिला. राग आहे तिथंच आहे, उलट चांगला मुरला आहे.

फोन का केला नाही म्हणशील, तर तू पहिल्याच वाक्याला हसायला लागतोस आणि आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकून बोलायची पद्धत पडली आहे. मला जे सांगायचंय ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही. शिवाय माणूस चांगला रागात आलेला असताना पलीकडून कुणी ‘आवाज तुटतोय’ म्हणालं, की रागाचीही गंमत जाते.

तर मूळ गुन्हा तुझा. साक्षीच्या तेराव्या वाढदिवसाला मामाआजोबांनी काहीतरी पाठवावं, हे ठीकच. फ्रॉक पाठवायचा, कंपासपेटी पाठवायची. तू ट्रॅव्हल्सच्या गाडीवर टाकून सायकल पाठवलीस. सायकललाही माझी ना नव्हती. पण आनंदराज, त्या सायकलला स्टँड नाही! घंटी नाही, कॅरियर नाही, मडगार्ड नाही, साखळीला झाकण नाही. सीट इतकी खाली, की बसलं तर गुडघे कानाला लागतात. तुझ्या दाजींनी खोकं तीनदा उलटं करून पाहिलं आणि बाकीचं सामान गाडीतच राहिलं असं ठरवलं. चार दिवस ते रोज ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात जाऊन तिथल्या कारकुनाशी भांडत होते. चौथ्या दिवशी तो बिचारा कुठली तरी जुनी घंटी स्वतःच घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, सर, स्टँडचं तेवढं माफ करा. तेव्हा कुठे साक्षीनं वहीतून डोकं वर काढलं आणि सांगितलं, की ही बीएमएक्स आहे, हिला हे काही नसतंच, ही फिरायची सायकल नाही, कसरतींची आहे. म्हणजे घरात येऊन चार दिवस झालेल्या वस्तूचं नावही आम्हाला माहीत नव्हतं, आणि पाठवणाऱ्यानं चिठ्ठीवर फक्त ‘मज्जा कर’ एवढंच लिहिलं होतं.

आता कसरतींचं ऐक. या सायकलवर ज्या म्हणून कसरती करतात, त्या सगळ्यांचा पाया एकच आहे. तिला ते बनी हॉप म्हणतात. म्हणजे सशाची उडी. चालत्या सायकलवर बसून (बसून नाही, उभं राहून, त्यावर पुढे येते) आधी पुढचं चाक उचलायचं, मग मागचं, आणि मध्ये जे काही आडवं असेल ते ओलांडून पलीकडे उतरायचं. खाली उतार नाही, फळी नाही, काही नाही. सपाट जमिनीवरून. ही उडी आली की पुढचं सगळं येतं, ही नाही आली तर काहीच येत नाही, असं साक्षी म्हणते. पोरगी महिनाभर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर धडपडत होती. पुढचं चाक उठायचं, मागचं जागचं हलायचं नाही. गुडघ्यावरची खपली निघायच्या आत नवी यायची, पण रडली नाही कधी. आपल्या आईसारखी दिसते ती चिडल्यावर, तुला आठवतं का, आई चिडली की खालचा ओठ आत घ्यायची. अगदी तसा.

आणि मग माझ्या मुलाला कंठ फुटला. सुदर्शनचं औषधांचं दुकान आहे, पण मुलीनं औषधं लिहून देणारी व्हावं असं त्याच्या मनात आहे. त्यासाठी आठवीपासूनच तिला फाउंडेशन बॅचला घातलं आहे. (आमच्या लातुरात मूल जन्मलं की आधी पाचवी पुजतात आणि सहाव्या दिवशी बॅच विचारतात.) दिवाळीच्या आधीच्या चाचणीत साक्षीचे गुण घसरले. लगेच त्यानं जेवताना जाहीर केलं, की दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारपर्यंत ही उडी जमली तर सायकल राहील, नाही जमली तर सोमवारच्या गाडीनं नांदेडला परत. जी गोष्ट धड येतही नाही तिच्यापायी वेळ घालवायचा नाही. साक्षीनं ताटातली पोळी तशीच ठेवली आणि खालचा ओठ आत घेतला. सूनबाई आरती एरवी मध्ये बोलत नाही, तीसुद्धा म्हणाली, एवढं कडक कशाला. पण सुदर्शन म्हणजे तुझ्या दाजींचाच मुलगा, एकदा वेळापत्रक लावलं की लावलं.

इथंच गोष्ट मिटली असती. पण तुझे दाजी निवृत्त असले तरी मनानं अजून वर्गातच आहेत. एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, अर्ध्या मराठवाड्यातले डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेले. त्यांचा जन्माचा विश्वास आहे, की जगात न येणारी गोष्ट नसते, न वाचलेल्या नोट्स असतात. त्यांनी माळ्यावरचा पांढरा बोर्ड उतरवला, अंगणात शेवग्याला टेकवला आणि तीन दिवसांत अडतीस पानी नोट्स काढल्या. ‘सशाची उडी : संकल्पना आणि सराव.’ माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य, सायकलचा गुरुत्वमध्य, दोघांचा मिळून गुरुत्वमध्य. आकृत्यांमध्ये सायकलवर बसलेला जो माणूस आहे, त्याला मिशा आहेत. पाठोपाठ एकशेवीस गुणांची प्रश्नपत्रिका, चार पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण वजा. मला एक प्रश्न पाठ झाला आहे. मागचे चाक उचलण्यासाठी पायांनी बल कोणत्या दिशेने लावावे : वर, खाली, पुढे, की यांपैकी एकही नाही? उत्तर ‘यांपैकी एकही नाही’ असं आहे. मग कोणत्या दिशेनं, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते सिलॅबसमध्ये नाही.

साक्षीला एकशेवीसपैकी एकशेबारा पडले. मागचं चाक ज्वारीच्या दाण्याएवढंही उठलं नाही. त्यावर दाजींनी तिला रिपीटर म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून बसवलं. तेव्हा पोरगी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही एकदा करून दाखवा. मग मी सगळ्या नोट्स तोंडपाठ करते.’ दाजींनी कमरेच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मणक्याच्या डॉक्टरनं (तोही त्यांचाच विद्यार्थी) वाकायलासुद्धा मनाई केली आहे. साक्षी म्हणाली, ‘म्हणजे या घरात कुणालाच येत नाही. पप्पा म्हणतात तेच खरं.’ आणि आनंदराज, माझ्या तोंडून निघून गेलं, की या घरात एक माणूस आहे ज्यानं नांदेडचे रस्ते दोन्ही हात सोडून पालथे घातलेत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मागे घेता येईना.

तुला तरी आठवतं ना? शाळेत जाताना तू मागच्या कॅरियरवर, दप्तर पोटाशी धरून, आणि शेजारून हसीना तिच्या मोठ्या भावाच्या उंच सायकलवर, पाय अर्धेच पोचायचे तरी पुढे. उतारावर मी हात सोडायचे आणि तू माझ्या निळ्या फ्रॉकचा बेल्ट घट्ट धरून देवाचं नाव घ्यायचास. शाळेच्या फाटकापाशी मात्र उतरायचं, केस नीट करायचे आणि सायकल हातात धरून आत न्यायची. सिस्टर फिलोमिना तिथं उभ्याच असायच्या. त्यांचा नियम होता, की मुलीनं सायकलवर पाठ ताठ ठेवावी, नजर समोर ठेवावी आणि काही झालं तरी पेडलवर उभं राहू नये. हसीना एकदा उभी राहिलेली सापडली, तर तिला शंभर वेळा इंग्रजीत लिहावं लागलं, मी सीटवर बसेन. मी पन्नास ओळी गुपचूप लिहून दिल्या होत्या, अक्षर सारखंच होतं आमचं. काय दिवस होते. सकाळी नदीवरून वारा यायचा, आणि घरी आलं की आई आधी तुझं तोंड धुवायची, मग माझ्याकडे बघायची.

असो. तर सुदर्शनशी ठरलं असं, की घरातल्या एकानं जरी ही उडी मारली तरी सायकल राहील. ‘एकानं’ म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळत होतं. सुदर्शन हसला. तो हसला नसता तर मी कदाचित माघार घेतली असती.

माझं शिक्षण सुरू झालं. साडी नेसून जमेना, सलवार साखळीत अडकली, म्हणून शेवटी दाजींची सकाळी फिरायला जायची ट्रॅकपँट घातली आणि वर माझा स्वेटर. (आरसा बघितला नाही.) ओलांडायला काय ठेवायचं हा प्रश्न आला. विटेवर चाक आपटलं तर मी आपटणार, आणि दोरी ठेवली तर चाक वरून गेलं की लागून गेलं यावर तासभर वाद. तोडगा ज्ञानोबानं काढला. ज्ञानोबा चाकूरची आपली शेती बघतो, हे तुला माहीत आहे. तो तुरीच्या वाळलेल्या काड्यांची पेंढी घेऊन आला. दोन विटांवर एक तुराटी आडवी ठेवायची. वाळलेली तुराटी इतकी ठिसूळ, की चाक नुसतं टेकलं तरी कट्कन मोडते. मोडली की नापास, वाद नाही. त्या पेंढीत एकोणचाळीस तुराट्या होत्या, आणि पहिल्या आठवड्यात त्यातल्या सव्वीस मी मोडल्या. प्रत्येक वेळी कट् आवाज आला, की बोर्डापाशी बसलेले दाजी वहीत काहीतरी लिहायचे आणि म्हणायचे, पान अकरा वाच.

मला पान अकरा पाठ होतं. माझी अडचण वेगळीच होती. सीटवरून उठायची वेळ आली की माझे पायच आडवे यायचे. डोळ्यांसमोर सिस्टर उभ्या राहायच्या. सत्तेचाळीस वर्षं झाली, सिस्टर केव्हाच देवाघरी गेल्या, पण माझी पाठ ताठ ती ताठच. साक्षी ओरडायची, ‘आजी, ऊठ, ऊठ!’ आणि मी बसल्या बसल्या हँडलला हिसके द्यायचे. दोन्ही चाकं एकदम उचलायचा प्रयत्न, दुसरं काय.

आता खरा संतापाचा भाग. अंगणात बोर्ड, बोर्डापाशी निवृत्त सर, समोर ट्रॅकपँटमध्ये विद्यार्थिनी. लातुरात एवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी फाटकात एक गृहस्थ उभे, हातात मुलाची गुणपत्रिका. ‘सर, ही नवी बॅच हाय का? कधी भरणार?’ दुसऱ्या दिवशी आणखी चौघं. एका बाईंनी विचारलं, ‘ह्याला खेळाचे वाढीव गुण मिळतेत का?’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘रिपीटरची बॅच येगळी राहती का सर? आमचा थोडा उशिरा समजतो.’ ही उडी नेमकी कसली, हे पाचातल्या एकानंही विचारलं नाही! आणि दाजींनी काय करावं? नाही म्हणावं की नाही? निवृत्तीनंतर सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दारात पालक उभे होते. ते असे खुलले, की मला त्यांच्यावर धड रागावताही येईना. त्यांनी नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. कुणीतरी विचारलं, ‘सर, मागच्या बॅचचा निकाल?’ तर त्यांनी माझ्याकडे हात केला.

त्यानंतर जे झालं ते लिहिताना अक्षर आणखी वाकडं येतं आहे. (कोपरामुळेही असेल.) दाजींचा एक जुना विद्यार्थी आहे, व्यंकटी, त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दाजींनी त्याला सांगितलं, आणि त्यानं गुरुदक्षिणा म्हणून दहा बाय सहाचा फ्लेक्स छापून आमच्या चौकात लावला. वर दाजींचं नाव, खाली ‘शंभर टक्के निकाल’, आणि मधोमध मी! माझ्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून. तोंड मिटलेलं, डोळे अर्धवट, त्या फोटोत मी आधीच गेल्यासारखी दिसते. फोटोभोवती सोनेरी फुलांची चौकट. आणि नाव काय छापलं? ‘श्रीमती उमादेवी.’ नवरा धडधाकट खाली उभा राहून फ्लेक्सचे कोपरे ताणतोय आणि वर माझ्या नावामागे श्रीमती! मी एकही तुराटी अजून ओलांडलेली नव्हती, हे तर राहूच दे. मी दाजींना विचारलं, की परीक्षेआधी निकाल कसा लावला? ते म्हणाले, ‘माझ्या हिशोबानं ब्याण्णव टक्के शक्यता आहे, आणि व्यंकटीला दिवाळीची गर्दी व्हायच्या आत छापायचं होतं.’

दुपारी मी सोयाबीनच्या वड्या भिजत घालत होते, तर मागच्या गल्लीतली जगदेवी फाटकातूनच हंबरडा फोडत आली. डोक्यावर पदर, काखेत टोपलं, टोपल्यात दुःखाच्या घरी नेतात तसं पिठलं आणि भाकरी. रिक्षातून येताना चौकात तिला माझा फोटो दिसला होता, अक्षरं वाचायच्या आत रिक्षा पुढे गेली. मला दारात बघून तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला.

‘अगं बाई! तू तं जित्ती हाईस!’

‘मग काय म्हणणं आहे तुझं?’

‘न्हाई, माजं काय म्हननं असनार? पन मग चौकात कशाला टांगलंय तुला? मी इतकी रडले वाटभर!’ आणि ती माझ्यावरच रागावली. पिठलं मात्र ठेवून गेली. संध्याकाळपर्यंत अशी तीन घरची पिठली जमली. सुदर्शनच्या दुकानावर दोघं जण सांत्वनाला जाऊन आले. फ्लेक्स काढा म्हणून मी दाजींना हात जोडले, तर म्हणाले, रविवारपर्यंत थांब, मग तो खोटा राहणार नाही.

तू मला ओळखतोस. लहानपणी पेरू मी तोडला की तू, हे मला कधी लपवता आलं नाही. आता सायकलचा प्रश्न होताच, पण त्याशिवाय सगळ्या लातूरसमोर एक खोटं टांगलेलं होतं आणि त्यावर माझं तोंड होतं. मी शुक्रवारी सायकल टेम्पोत टाकली आणि साक्षीला घेऊन चाकूरला गेले. तिथं आपलं सिमेंटचं खळं आहे, सपाट, रिकामं, आणि बघायला फक्त ज्ञानोबा आणि त्याच्या शेळ्या. मी सकाळभर हिसके दिले. पेंढीत उरलेल्या तुराट्या एकेक करून संपत होत्या. ज्ञानोबा बिडी ओढत बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

‘बाई, रागावू नगा. पन तुमी दोनी चाकं एकदमच उचलायलाव. शेळी तसं करती का?’

‘शेळीचा काय संबंध?’

‘लई हाय. ती बगा, बांधावर चढायलीय. आदी म्होरले पाय वर, मग कंबर म्होरं, मग मागलं आपसूक येतंय. आन् बसून कोन चढतंय का बांध? उबं राहा की!’

मी शेळीकडे पाहिलं. पांढरी, एका कानाला डाग असलेली शेळी होती. अडतीस पानांत जे नव्हतं ते तिनं अर्ध्या क्षणात करून दाखवलं आणि वर जाऊन पाला खाऊ लागली. मग, आनंदराज, मी मनातल्या मनात सिस्टर फिलोमिनांची माफी मागितली आणि पेडलवर उभी राहिले. काय सांगू तुला. जग एक वीत खाली जातं. वारा छातीवर येतो. एकसष्टाव्या वर्षी मला कळलं, की हसीना त्या दिवशी का उभी राहिली होती. पुढचं चाक उठलं, चांगलं उठलं. मागचं येतंय येतंय म्हणता शेवटची तुराटी कट् झाली. पण साक्षी धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. शेळीची हकिकत दाजींना सांगितली, तर त्यांनी नोट्समध्ये ‘आकृती सात’ म्हणून ती घातली. शेळीलाही मिशा आहेत.

रविवार आला. प्लॉटवर चाळीसएक माणसं, नाव नोंदवलेले पालक पुढच्या रांगेत, जगदेवी खुर्ची घेऊन. सुदर्शन अर्ध्या तासासाठी दुकान आरतीवर सोपवून आला होता. तुराट्या संपल्या होत्या, म्हणून ज्ञानोबानं येता येता शेतातून एक आणली आणि विटांवर ठेवली. साक्षीनं तीनदा प्रयत्न केला. पुढचं चाक सुरेख गेलं, मागच्यानं प्रत्येक वेळी तुराटी विटांवरून फेकून दिली. पोरगी सायकल माझ्या हातात देऊन बाजूला झाली. मग मी. दाजी फोनवर चित्रीकरण करत होते (नंतर पाहिलं तर सगळ्या चित्रीकरणात त्यांचा अंगठा आहे). मी पेडल मारलं, उभी राहिले, मागे झुकले, पुढचं चाक उठलं, कंबर पुढे टाकली, पाय पोटाशी घेतले. क्षणभर खाली काहीच नव्हतं. मग दोन्ही चाकं जमिनीवर आली, मी ब्रेक विसरले आणि जगदेवीच्या खुर्चीवर गेले. कोपर तिथलंच. पण कट् आवाज आला नाही. मागे तुराटी विटांवर अख्खी.

टाळ्या काय, शिट्ट्या काय. पालकांपैकी एकानं तिथल्या तिथं दुसऱ्या मुलाचंही नाव नोंदवलं. दाजींनी शेजाऱ्यांना सांगितलं, की नोट्स आल्या की हे होणारच. माझं कोपर कुणी पुसलं नाही! एकट्या सुदर्शनला शंका. तो दूर उभा होता, त्याला नीट दिसलं नव्हतं. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘आई, गेली का गं दोन्ही चाकं वरून?’ मी तुराटीकडे बोट दाखवलं. तो हसला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, ‘माझ्या आईनं आजवर मला एकही गोष्ट खोटी सांगितलेली नाही. सायकल राहील.’ आणि त्यानं स्वतः साक्षीच्या हातात हँडल दिलं.

तर सायकल राहिली आहे, आणि त्याबद्दल मी तुझे आभार मानणार नाही. पुन्हा या घरी काहीही पाठवण्याआधी मला विचारत जा. सिंधूला आशीर्वाद, हसीना भेटली तर तिला सांग की तिची फार आठवण आली. गोड कमी खा.

तुझी,
ताई

ता. क. वर लिहिलेलं पुन्हा वाचून काढलं, आणि पत्र तसंच बंद करवेना. ज्ञानोबानं त्या दिवशी आणलेली तुराटी उभ्या पिकातली होती. हिरवी. मागचं चाक तिच्यावरून गेलं ते मला पायाखाली स्वच्छ कळलं. हिरवी तुराटी मोडत नाही रे, वाकते आणि पुन्हा सरळ होते. सुदर्शननं विचारलं तेव्हा मी बोट दाखवलं, तोंडानं काही बोलले नाही. म्हणजे खोटं बोलले नाही, असं मी कालपासून स्वतःला सांगते आहे. दाजींवर, व्यंकटीवर, फ्लेक्सवर मी जे काही वर लिहिलं आहे, ते अर्धं माझ्यावर धर.

आणखी एक. साक्षी आत्ता इथे येऊन बसली. पाय हलवत म्हणाली, ‘आजी, वाकलेली मी पाहिली.’ मी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, पप्पांना सांग, आत्ताच सांग. तर म्हणाली, ‘सांगू की. दोघी मिळून सांगू. पण आधी दोघींना खरी जमू दे, वाळलेल्या तुराटीवरून. मग सांगितलं तर पप्पा सायकल परत पाठवणार नाहीत.’ वकील करावी या मुलीला, डॉक्टर नको.

तेव्हा पत्राचं खरं काम आता लिहिते. येत्या शुक्रवारी तुझ्या दाजींना नांदेडला बोलावून घे. तुझा इन्व्हर्टर बिघडला आहे आणि फिजिक्सवाल्याशिवाय कुणाला समजत नाही, असं सांग, ते धावत येतील. नोट्सचं बाड बरोबर आणायला लाव. बोर्डही, जमला तर. साक्षी म्हणते, पान अकरा कानावर पडलं नाही, तर सरावाला आजीला दोन दिवस पुरतील. तू त्यांना आठवडाभर ठेवून घे.